सतरा नंबरच्या व्हिलातली हवा

सौदी अरेबियात बावीस वर्षं काय केलंत, असं कुणी विचारलं की मी खरं सांगतो, घरं गरम ठेवली. ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे पाहतो आणि मग हसतो. दापोलीच्या खाडीकडचा माणूस वाळवंटात जाऊन घरं गरम करतो, म्हणजे याचं डोकं तरी तापलंय किंवा हा थाप तरी मारतोय, असं त्याला वाटत असावं. या अंकाच्या संपादकांनाही तसंच वाटलं होतं. त्यांना तेलविहिरींबद्दल लेख हवा होता. मी म्हटलं, तेलविहीर मी लांबूनच पाहिली, रेडिएटरबद्दल विचाराल तर सांगतो.

अल खर्जच्या बाहेर गाईंचा एक मोठा फार्म होता आणि त्याला लागून अधिकाऱ्यांची चाळीस व्हिलांची वसाहत. ती वसाहत युरोपातल्या कुठल्याशा कंत्राटदाराने बांधली होती. त्याने आपल्या थंड गावातला नकाशा जसाच्या तसा इथे आणला असावा, कारण प्रत्येक खिडकीखाली भिंतीला लोखंडी रेडिएटर बसवलेला होता. उन्हाळ्यात पारा पन्नासाला टेकायचा तेव्हा लोक त्या रेडिएटरवर मोजे वाळत घालायचे आणि त्याला नावं ठेवायचे. पण डिसेंबर-जानेवारीत रात्री वाळवंट असं काही गारठतं की सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा दिसे. मग त्याच लोकांचे मला फोन सुरू. मी तिथला पाइप फिटर. गावी असताना विहिरीचे पंप आणि मशिदीच्या हौदाचे नळ एवढीच माझी विद्या होती. रेडिएटर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो गुरांच्या गोठ्याचं काहीतरी सामान वाटला होता.

आता ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वसाहतीच्या एका टोकाला बॉयलर. तिथे पाणी तापतं, पंप ते पाइपांतून घराघरांत ढकलतो, रेडिएटरमधून फिरून ते परत येतं. यात बिघडण्यासारखं फार नाही. बिघडवते ती हवा. पाण्यात कुठूनतरी हवा शिरते, हलकी म्हणून वर चढते आणि रेडिएटरच्या डोक्यात जाऊन बसते. मग खालून रेडिएटर गरम, वरून थंडगार आणि पोटात गुडगुड. उपाय अगदी साधा. पंप बंद करायचा. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक तोटी असते, ती छोट्या पितळी चावीने पाव फेरा उघडायची आणि खाली वाटी-फडकं धरायचं. आधी फस्स करून हवा निघते. मग तोटी थुंकायला लागते, थोडी हवा, थोडं पाणी. सलग पाण्याची धार आली की बंद. खालच्या मजल्यापासून सुरुवात करायची आणि वर जात राहायचं. यात कौशल्य एकच, थांबता येणं. घाई करून आधीच बंद केलं तर निम्मी हवा आतच राहते आणि दोन दिवसांनी परत तुम्हालाच बोलावणं येतं. मला पहिल्या वर्षी फार बोलावणी आली.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. फार्मचे मुदीर, म्हणजे आमचे मोठे साहेब अबू फैसल, यांच्या वृद्ध आई रेडिएटरवर ब्रेडची कणीक फुगायला ठेवायच्या. एकदा मी रेडिएटर दुरुस्तीला थंड केला तर त्यांनी मला तासभर ऐकवलं. मला अरबी जेमतेम येत होती, पण कणीक बसली की बाईमाणूस काय बोलतं हे समजायला भाषा लागत नाही. एक आयरिश गुरांचे डॉक्टर होते. त्यांना गुडगुडीने झोप येत नसे. मी हवा काढली तर दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता फार शांत वाटतं, झोप येत नाही. अशा माणसाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

पण ज्या रेडिएटरसाठी मी हा लेख लिहायला बसलो तो सतरा नंबरच्या व्हिलातला, वरच्या मजल्यावरचा. साल एक्क्याण्णव, महिना जानेवारी, कुवेतवरून पेटलेलं युद्ध.

सायरन वाजायला लागले तेव्हा वसाहतीत फतवा निघाला. प्रत्येक घरात एक खोली हवाबंद करायची. क्षेपणास्त्रातून विषारी वायू येईल अशी सगळ्यांना धास्ती होती. वायू जड, तो खाली बसतो, म्हणून खोली वरच्या मजल्यावरची घ्यायची. खिडक्यांवर प्लास्टिक, कडांना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. फतव्याच्या शेवटी अबू फैसलची सही आणि एक ओळ: प्लास्टिक फाडणाऱ्याला जाब द्यावा लागेल. हे सगळं करायचं कुणी? देखभाल खात्याने. म्हणजे मी आणि आणखी तिघांनी. तीन दिवसांत चाळीस घरं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या बोटांना पट्टीचा डिंक असा बसला की जेवताना घास सुटेना.

सतरा नंबरात जोशीसाहेब राहायचे. पुण्याचे, दूध थंड ठेवण्याच्या यंत्रांचे इंजिनिअर. त्यांच्या बायकोला, वैशालीवहिनींना, आठवा महिना लागला होता आणि वहिनींच्या आई बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या. त्यांना आम्ही सगळे माई म्हणायचो. माई सत्तरीच्या, शिडशिडीत, आणि समोरच्याला कामातली चूक दाखवल्याशिवाय त्यांना चहा पचत नसे. मी खिडकीवर प्लास्टिक लावत होतो तेव्हा त्या चहाचा कप घेऊन मागे उभ्या होत्या.

"हसनभाई, खिडकीचं ठीक आहे. पण हे लोखंडी धूडही तुम्ही झाकून टाकताय."

"माई, खिडकी आणि रेडिएटरमध्ये चार बोटं जागा. तिथे पट्टी बसत नाही. वरून खालपर्यंत एकच चादर सोडतो, जमिनीला चिकटवतो. बघा कसं एकदम पक्कं होतं."

"आणि याची ती तोटी? तुम्ही मागे चावी लावली होतीत ती? लागली तर?"

"नाही लागत माई. तुम्ही काळजी करू नका."

हे मी पंधरा वर्षांच्या अनुभवाने बोललो असतो तर एक वेळ चाललं असतं. मला कंटाळा आला होता म्हणून बोललो. अजून अठरा घरं बाकी होती. मी चहा प्यायलो आणि पुढे गेलो.

त्यानंतर आठवड्याने वहिनींना अवेळी कळा आल्या. पोट फाडून मुलगी काढावी लागली. वजन फारच कमी. त्या दिवसांत रोज सायरन वाजत होते, इस्पितळात गर्दी, म्हणून त्यांना लवकर घरी पाठवलं. डॉक्टरांनी बजावलं की बाळाला गारठा लागता कामा नये, खोली सारखी गरम हवी. आणि नेमका त्याच वेळी बॉयलरच्या पंपाचा सील गेला. आम्ही पाइपांतलं सगळं पाणी उतरवलं, सील बदलला, नवं पाणी भरलं. नव्या पाण्याबरोबर भरपूर हवा आली. ती चढत चढत कुठे गेली असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माणसं वायूला घाबरून वर गेली होती आणि पाइपातली हवाही त्यांच्या मागोमाग वर गेली. सतरा नंबर तर लाइनीच्या अगदी शेवटी, तिथली वरची खोली म्हणजे साऱ्या वसाहतीतल्या हवेचं शेवटचं स्टेशन.

मी गेलो तेव्हा दुपार कलली होती. जोशीसाहेब फार्मवर अडकलेले. खोलीत बाळ आठ दिवसांचं, शालीत आणि वर जोशीसाहेबांच्या स्वेटरात गुंडाळलेलं. फक्त नाक दिसत होतं, तेही निळसर. वहिनींनी दोन्ही हातांत तिचे तळवे धरले होते आणि त्यांचेच ओठ थरथरत होते.

"खालच्या मजल्यावरचे रेडिएटर मी गरम केलेत वहिनी. खाली चला," मी म्हटलं.

"कशी येऊ, हसनभाई? टाके ओले आहेत. सायरन झाला की बाळाला घेऊन मिनिटभरात जिना चढायचा. काल निम्म्यात बसले मी."

विजेचा हीटर होता, पण सगळ्या घरांनी हीटर लावल्यामुळे फ्यूज उडत होते. रॉकेलची शेगडी बंद खोलीत लावणं म्हणजे वायूचं काम आपणच करणं. उरला तो माझा रेडिएटर, आणि त्याची तोटी माझ्याच प्लास्टिकच्या मागे. मी माईंकडे पाहिलं नाही.

मला तेव्हा माझी स्वतःची मुलगी आठवत होती. ती डिसेंबरात झाली, गावाला. बातमी पत्राने कळली. शेजारच्या गावचा एक जण सुट्टीवरून परत येताना ते पत्र घेऊन आला. मुलगी झाली, नाव रुखसाना ठेवलं, तुमच्या अब्बांनी कानात अजान दिली, एवढंच बायकोने लिहिलं होतं. ते काम बापाचं. माझी सुट्टी मंजूर होती, पण युद्धामुळे सगळ्यांच्या सुट्ट्या खलास. फोन लावावा तर लाइन मिळत नव्हती. आपल्या पोरीचे तळवे गार आहेत की गरम, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

फतवा गेला खड्ड्यात, असं मनाशी म्हणून मी चाकू काढला आणि तोटीच्या समोर प्लास्टिकला वीतभर चीर दिली. बॉयलरवर केरळचा कुट्टन होता, त्याला वॉकीटॉकीवरून पंप बंद करायला सांगितलं. चिरेतून हात घालून चावी लावली. पाव फेरा. फस्स सुरू झालं, आणि अशी जोरात हवा बाहेर पडली की मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पाइपातली जुनी हवा घाण मारते, सडलेल्या पाण्यासारखी.

"वास येतोय," माई म्हणाल्या.

मी त्यांना समजावायला तोंड उघडलं आणि नेमका सायरन वाजला.

मी बऱ्याच अडचणीच्या जागी काम केलेलं आहे, गटारात उतरलोय, टाकीत अडकलोय. पण एवढा अपराधी मी कधीच नव्हतो. चाळीस घरांतली खोली हवाबंद करणारा मी, आणि ऐन सायरनच्या वेळी ज्या एका खोलीला भोक होतं तिथे आठ दिवसांचं बाळ. वायूपासून बचावाचे मुखवटे बाळाच्या मापाचे नसतात. घराला दोन मुखवटे मिळाले होते. माईंनी एक चढवला. वहिनींनी दुसऱ्याला हात लावला नाही. "तिला नाही तर मला कशाला," एवढंच म्हणाल्या.

दोन वाटा होत्या. चावी फिरवून तोटी बंद करायची, चिरेवर पट्टी मारायची आणि खोली तशीच गार ठेवायची. किंवा हवा काढत बसायचं आणि भोक उघडं ठेवायचं. दोन्हींत बाळाचंच नुकसान. मग मला तिसरी वाट सुचली.

"वहिनी, ती पट्टी घ्या आणि प्लास्टिक माझ्या हाताला चिकटवा."

"काय?"

"कोपराजवळ. गोल. चार वेढे घाला. हात आत राहू दे."

वहिनींनी बाळ माईंकडे दिलं आणि टाके सांभाळत खाली बसल्या. माझ्या बाहीवर त्यांनी असे काही वेढे घातले की मी भिंतीचाच भाग झालो. कोपरापुढचा हात प्लास्टिकपलीकडे, कोपराअलीकडचा हसन खोलीत, गुडघ्यांवर, गाल प्लास्टिकवरूनच रेडिएटरला टेकलेला. बाहेर सायरन बोंबलतोय आणि पलीकडे माझा हात एकटाच काम करतोय. दिसत काहीच नव्हतं, प्लास्टिक जाड आणि वाफेने धुरकटलेलं. बोटांना जे कळेल तेवढंच.

माई मुखवट्यातून काहीतरी बोलत होत्या, पण नुसतं घुं-घुं ऐकू येई. शेवटी त्यांनी वैतागून तो काढला. "हा आवाज कसला येतोय ते सांगा आधी."

"आपलीच हवा आहे माई. पाइपातली."

"आपलीच कशावरून?"

वासाची हवा फसफसत होती, आकाशात काय चाललं होतं ते अल्लाला ठाऊक. माईंनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमचा मुखवटा कुठाय?"

"कामगारांच्या कॅम्पवर. पलंगाखाली."

त्यांनी बाळ वहिनींच्या मांडीवर ठेवलं, माझ्यामागे आल्या आणि स्वतःचा मुखवटा माझ्या डोक्यावरून खाली ओढला. मी मान हलवून नको नको म्हणत होतो. माईंनी पट्टा आवळला.

"गप बसा. मी माया म्हणून देत नाहीये. तुम्ही बेशुद्ध पडलात तर ती तोटी कोण बंद करणार? मला येते का?"

पुण्याच्या माणसाच्या हिशेबात खोट काढणं सोपं नसतं. मुखवट्यात माझी दाढी अडकली आणि डोळ्यांपुढे फक्त धुकं. पण बोटं पलीकडे शाबूत होती. गार हवा, गार हवा. मग एक थेंब. मग थुंकी, हवा, परत थुंकी. कुणीतरी कानात सांगितल्यासारखं वाटलं, आता बंद कर, पुरे झालं, हात काढ. मी थांबलो. त्या दिवशी मी माझ्या सगळ्या नोकरीत सर्वांत जास्त वेळ थांबलो. मग सलग धार आली, चांगली कडकडीत, बोटांवरून मनगटावर. वाटी धरायला दुसरा हात तिकडे नव्हता आणि हात मागे ओढायची सोय वहिनींनी ठेवली नव्हती. तशातच चावी फिरवली.

मुखवटा कपाळावर सरकवून वॉकीटॉकीवर ओरडलो, "कुट्टन, पंप चालू कर."

"भाई, सायरन है."

"सायरन पाइप को सुनाई नहीं देता. यल्ला, चालू कर."

कुट्टन भला माणूस. निवाऱ्यात न जाता बॉयलरपाशीच बसला होता. पाइपात पाणी सरकल्याचा आवाज आला, माझ्या गालाखाली लोखंड कोमट झालं, आणि हळूहळू वरपर्यंत तापत गेलं. मला गाल काढून घ्यावा लागला. धोका टळल्याचा भोंगा व्हायला आणखी अर्धा तास गेला. तेवढा वेळ मी भिंतीला चिकटून बसून होतो. माईंनी मला त्या अवस्थेत बशीतून चहा पाजला. वहिनींनी बाळाच्या अंगावरचा स्वेटर काढला, मग शाल सैल केली. तिचं नाक गुलाबी झालं आणि ती रडायला लागली. आठ दिवसांत पहिल्यांदा एवढ्या जोरात रडली, असं वहिनी म्हणाल्या आणि स्वतःही रडू लागल्या. क्षेपणास्त्र कुठे पडलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी रेडिओवर कळलं. आमच्यापासून लांब होतं.

अबू फैसलला मी चिरेबद्दल स्वतःच सांगितलं. त्यांनी माझा भाजलेला हात पाहिला, फतव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, उरलेल्या घरांत तोट्यांपुढे आधीच झडपा करून दे. म्हणजे आणखी एकोणचाळीस घरं आणि परत तो डिंक.

बाराव्या दिवशी बारसं ठरलं, त्याच खोलीत, त्याच प्लास्टिकच्या उजेडात. मला बोलावणं होतं. मी अत्तर लावून गेलो. पाळणा म्हणजे दुधाच्या क्रेटला दोरी बांधलेला. बायका होत्या वसाहतीतल्या चार, पण नाव कानात सांगायला आत्या लागते आणि आत्या नाशिकला. विमानं बंद. माई म्हणाल्या, "हसनभाई, तुम्ही सांगा नाव."

मी उठलोच नाही. मला ते सहन होईना. म्हटलं, "माई, एक सांगतो, मग ठरवा. तो रेडिएटर मीच झाकला होता. माझ्या आळसामुळे पोरगी गारठली. मी काही उपकार केले नाहीत."

"ठाऊक आहे की," माई म्हणाल्या. "तुमच्या मागे चहा घेऊन मीच उभी होते. आम्हाला काय रेडिएटर झाकणारी माणसं भेटली नाहीत का? झाकून परत उघडायला येणारं कुणी भेटतंय का ते बघत होते. चला, मुहूर्त जातोय."

मी पाळण्यावर वाकलो. कान केवढासा, बटणाएवढा. तिथे तोंड नेलं आणि ओठांवर अजानच येऊ पाहत होती. ती गिळली आणि वहिनींनी शिकवलेलं नाव तीनदा सांगितलं, मृदुला, मृदुला, मृदुला. मागून माईंनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटा घातला. तो त्यांनी चांगला जोरात घातला, आणि मला वाटतं त्यात रेडिएटरचाही हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी जोशीसाहेबांनी मला त्यांच्या ऑफिसातला फोन लावून दिला. गावात फोन एकाच दुकानात. तिथून कुणीतरी धावत जाऊन बायकोला घेऊन आलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही बरे आहात ना?" मी म्हटलं, "मी बरा आहे. पोरीच्या कानाला फोन लाव."

"तिला काय कळणार?"

"लाव तू."

तिने लावला असावा. कारण तिचा आवाज गेला आणि लाइनीत नुसती फसफस ऐकू यायला लागली, मधेच तुटक खरखर, परत फसफस. मागे जोशीसाहेब हळूच म्हणाले, लाइन खराब दिसते, ठेवून परत लावू या. मी त्यांना हाताने थांबवलं. आधी हवा निघते, मग थुंकते. घाई करायची नसते.

मी थांबलो. मग पलीकडे बारीक श्वास ऐकू आला, सलग. तेव्हा मी माझ्या मुलीला तिचं नाव सांगितलं.